मरळ मासा व त्याची पिलें

यवतमाळ जिल्ह्यांतील वर्धा, पैनगंगा, बेंबळा व अरुणावती या नद्यांच्या डोहांत व त्यांस मिळणाऱ्या नाल्यांत आढळणारा मरळ मासा आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. सर्पासारखें चपटें डोकें व लांबट गोल अंग यांवरून तो तेव्हांच ओळखूं येतो. बाजारांत तो जिवंत विकला जातो, याचें कारण त्याचा श्वास. इतर बहुतेक मासे कल्ल्यांनीं पाण्यांतील हवा घेतात. मरळास कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळींत, वरची हवा घेण्याची निराळी जागा असते. म्हणून तो वरचेवर पृष्ठभागीं येतो, आणि जाळ्याखालीं दाबून ठेविला तर मासा असूनहि पाण्यांत गुदमरतो. डोह आटला म्हणजे ओल्या चिखलांत शिरून राहतो.

पावसाळ्याच्या आरंभीं नरमादी काठच्या गवतांत थोडी जागा मोकळी करितात. तेथें अंडीं पाण्यावर तरंगतात. तीं एकदोन दिवसांत फुटून पिलें थव्यानें फिरूं लागतात व आईबाप त्यांची राखण करितात. तांबूस पिलांचा पुंजका दिसला कीं खालीं जोडी आहे, हें पोरासोरांसहि ठाऊक असतें. तेथेंच गळ पडतो. यासारखा तोट्याचा व्यवहार दुसरा नाहीं. राखणदार गेले म्हणजे शेंकडों पिलें बेडूक व पाणकिडे यांच्या तोंडीं जातात. पिलें बोटभर होईपर्यंत ती जोडी सोडावी.

दुसरी गोष्ट कपाशीच्या फवाऱ्याची. नाल्याखालील जमीन दप्तरांत पोटखराब म्हणून लिहितात. आम्हींहि ती वर्षानुवर्षें तशीच लिहिली. परंतु तेथें धुतलेला पंप खालच्या डोहांत उतरतो. २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें आपल्याच जिल्ह्यांत कित्येक शेतकरी व मजूर दगावले; माणसाची ही गत, तेथें माशाची काय कथा! सायपरमेथ्रिनसारखीं औषधें अत्यल्प प्रमाणांतहि माशांस घातक असतात. मरळ हवा वरून घेतो, तरी त्याची यांतून सुटका नाहीं. पंप पाण्यापासून दूर, आपल्याच शेतांत धुवावा. मुद्दाम विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारण्यास तर १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेंच बंदी घातली.

शेततळ्यांत रोहू, कतला यांची बोटुकली सोडणाऱ्यांनीं मात्र मरळ आंत येऊं देऊं नये. तीं त्याचें आयतें भक्ष्य होय. नाल्याचें पाणी घेतांना तोंडाशीं बारीक जाळी बांधावी. मरळच पाळावयाचा असल्यास निराळें तळें करून सारख्या आकाराचेच मासे सोडावे, नाहीं तर मोठे लहानांस खातात.