घरचे ताट व मुलांचे आरोग्य

टोकावडे परिसरातील शिक्षकबंधुभगिनींनो, कुपोषणाशी झगडणाऱ्या भागात स्थूलतेचा विचार अस्थानी वाटेल. परंतु देशात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. पुडीतील तळलेले खारे पदार्थ व गोड पेये भूक मारतात, पोषण करीत नाहीत. म्हणून एकाच वस्तीत कृशता व स्थूलता दोन्ही नांदू शकतात. अति तेल, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत व फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकण्यास २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे. पालकसभेत नाचणीची भाकरी, डाळ, पावसाळ्यातील टाकळा व कुरडू यांचे महत्त्व सांगावे. मुलांची वजने वर्गात मोठ्याने वाचू नयेत. वडीलधारी जे खातात, तेच मूल शिकते.