तारा सुटलेलं सोयाबीन

प्रश्न : आमची लेक नोकरीनिमित्त योकोहामाला असते. रोज सकाळी ती भातावर नात्तो नावाचा प्रकार घालून खाते. व्हिडिओ कॉलवर त्या तारा बघूनच मला कसंतरी झालं. वासाचं तर ती स्वतःच सांगते. आम्ही दोघं लवकरच तिच्याकडे जाणार आहोत. लोकांना हे आवडतं तरी कसं? ‘एकदा खाऊन बघच’ असा तिचा आग्रह आहे. मी शाकाहारी आहे, रक्त पातळ करण्याची गोळीही घेते. खावं का? — एक वाचक, सातारा

उत्तर : गोळीचं आधी. ती वॉरफरिन असेल, तर नात्तो खायचा नाही. चमचाभरही नाही. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. जपानमध्येही वॉरफरिन घेणाऱ्यांना डॉक्टर हेच बजावतात. गोळी दुसरी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांनी हरकत घेतली नाही, तरच पुढचा विचार.

नात्तो म्हणजे निव्वळ सोयाबीन. भिजवायचं, वाफवायचं, त्यावर एका जिवाणूचं विरजण शिंपडायचं आणि साधारण 40 अंशांच्या उबेत जवळजवळ दिवसभर ठेवायचं. हा जिवाणू म्हणजे बॅसिलस सब्टिलिस. तो मुळात भाताच्या पेंढ्यात असतो, म्हणून पूर्वी शिजलेलं सोयाबीन पेंढ्याच्या पुडीत बांधून ठेवत. त्याआधी पेंढा उकळत्या पाण्यातून काढायचा : बाकीचे जंतू मरतात, याचे बीजाणू मात्र त्या उकळीतूनही वाचतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला आणि पेंढ्याची गरज संपली. तरी तोक्योच्या ईशान्येला, नात्तोसाठी प्रसिद्ध असलेल्या मितो शहरात पेंढ्यातला नात्तो आजही विकत मिळतो.

हे फक्त जपानी खूळ आहे असं समजू नका. नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाइजार, सिक्कीम-दार्जिलिंगचं किनेमा ही सगळी आंबवलेली सोयाबीनंच, आणि काम याच जिवाणूच्या जातकुळीचं. 2019 सालच्या ‘अखुनी’ या हिंदी चित्रपटाची सगळी गंमत (आणि कडवटपणाही) याच वासाभोवती आहे : दिल्लीत राहणारी ईशान्येची मुलं मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घालून डुकराचं मटण करू बघतात आणि शेजारीपाजारी नाक धरतात.

आता वास. नात्तोच्या वासात इतर अनेक गोष्टींबरोबर आयसोव्हॅलेरिक आम्ल असतं. तेच मुरलेल्या चीजमध्ये असतं आणि घामेजल्या पायमोज्यांतही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2005 साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. या आम्लाचा चीजसारखा वास लोकांना हुंगायला दिला. सोबत कधी ‘चेडर चीज’ अशी अक्षरं दाखवली, कधी ‘अंगाचा वास’. वास तोच, पण चीज म्हटल्यावर तो लोकांना बराच सुसह्य वाटला. म्हणजे किळस नाकात कमी आणि आपल्याला आधी काय सांगितलंय त्यात जास्त. तुम्हाला तर लेकीनं आधीच सांगून ठेवलंय!

माझ्या मते आपल्याला अडवतो तो वास नव्हेच, बुळबुळ अडवते. आपण भेंडीची तार मोडायला आमसूल घालतो, ताक घालतो, कुरकुरीत होईपर्यंत परततो. जपानी माणूस तीच भेंडी उकडून, चकत्या करून मुद्दाम नात्तोत कालवतो, तार वाढावी म्हणून! किताओजी रोसान्जिन हे तिथले नामवंत कुंभार आणि खवय्ये. नात्तो 424 वेळा घोटावा, हा हिशेब त्यांच्या नावावर सांगितला जातो. त्यावरून एका खेळणी कंपनीनं नात्तो घोटायचं यंत्रही बाजारात आणलं. एवढं घोटल्यावर तारा पांढुरक्या फेसासारख्या होतात आणि दाणा जिभेला मऊ लागतो. चव म्हणाल तर सौम्य, किंचित कडवट, बरीचशी खमंग.

सगळे जपानी यावर जीव टाकतात असंही नाही. ओसाकाकडच्या भागात तो पूर्वेच्या मानानं कमीच खपतो, आणि तिथे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. तेव्हा नाही आवडला तर ओशाळायचं कारण नाही.

शाकाहाराची मेख दुसरीकडेच आहे. डब्यात नात्तोबरोबर सॉसची आणि मोहरीची अशा दोन चिमुकल्या पुड्या येतात. सॉसच्या पुडीत बहुतेक वेळा बोनितो माशाचा अर्क असतो. लेबल जपानीत असल्यानं ते आपल्याला कळत नाही. ती पुडी बाजूला ठेवायची आणि घरातला साधा सोयासॉस घालायचा.

पैज लावल्यासारखा, श्वास रोखून नुसता चमचा तोंडात घालू नका. तसं खाल्लं तर आपलं लोणचंसुद्धा परक्याला आवडणार नाही. गरम भात कमी, त्यावर नात्तो त्याहून कमी, बारीक चिरलेली कांद्याची पात भरपूर आणि मोहरी नाकात जाईल इतकी. गिळल्यावर लगेच निकालही देऊ नका. पहिल्या खेपेला जीभ चव घेत नाही, नुसती संशय घेते. चार-आठ दिवसांनी पुन्हा घासभर खा आणि मग काय ते लेकीला सांगा.

आणि नात्तोची वाटी घासायची पाळी तुमच्यावर आलीच, तर आधी ती पाण्यात भिजत ठेवा. एकदम स्पंज लावलात की त्या तारा वाटी सोडून स्पंजला धरतात, आणि मग त्या स्पंजानं घासलेलं प्रत्येक भांडं नात्तोचंच.