बवाजाचे शेत आणि नवा कारखाना

शास्त्रपाठ : रूथ २:१-१६, १ करिंथ १२:२१-२६, कलस्सै ३:२२ ते ४:१

चंदीगड नगराची आखणी ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने १९५१ साली हाती घेतली, तेव्हा त्या नगराला त्याने मानवी देहाची उपमा दिली. विधानभवन, सचिवालय व उच्च न्यायालय यांचा परिसर हे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय, हिरवी उद्याने ही फुप्फुसे, आणि पूर्वेकडचा इंडस्ट्रियल एरिया म्हणजे पोटातील आतडी. प्रवासी मस्तक पाहायला जातात, सुखना तलावावर फिरतात. आतडी पाहायला सहसा कोणी जात नाही. तेथे सुटे भाग घडवणारे लहान कारखाने, गोदामे, कार्यशाळा आहेत. अलीकडे काही जुन्या भूखंडांवर दुकाने व हॉटेले उभी राहिली, २०१३ साली एलांते नावाचा भला मोठा मॉलही उघडला. तरी सकाळी डबा घेऊन फाटकातून आत जाणारा कामगार अजून तेथे आहेच.

प्रेषित पौलानेही देहाचीच उपमा घेतली आहे. मात्र त्याचा रोख वेगळा आहे. जे अवयव दुबळे वाटतात तेच अत्यावश्यक आहेत आणि जे कमी मानाचे वाटतात त्यांना देव अधिक मान देतो, असे तो करिंथकरांना सांगतो. हे त्याने मंडळीविषयी लिहिले हे खरे. पण रविवारी मंडळीत हा अध्याय वाचणारा मनुष्य सोमवारी कारखान्याच्या फाटकातून आत जाताना तो बाहेर ठेवून जाईल, असे पौलाला अभिप्रेत असेल काय?

समजा, आपला एखादा विश्वासी तरुण बांधव अशा भागात गाळा भाड्याने घेऊन नवी कंपनी काढतो. बँकेचे कर्ज, यंत्रे, वीजजोडणी, नोंदणी यांत त्याचे वर्ष जाते. मग पाळकसाहेबांना बोलावून समर्पणाची प्रार्थना होते, भिंतीवर सुवचनाची चौकट लागते, पेढे वाटले जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पहिल्या कामगाराशी कोणत्या स्वरात बोलतो, यावर त्या जागेचे पुढचे बरेच काही ठरते. हल्ली यासाठी ‘कार्यसंस्कृती’ असा शब्द वापरतात. मला आपला जुना ‘वळण’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. मुलाच्या अक्षराला पहिल्या काही महिन्यांत जे वळण लागते ते पुढे मोडता मोडत नाही. नव्या कंपनीचेही तसेच आहे.

पवित्र शास्त्रात असे वळण लावलेली एक कामाची जागा आपल्याला फार जवळून पाहायला मिळते, ती म्हणजे बवाजाचे शेत. बवाज बेथलेहेमाहून येतो आणि कापणी करणाऱ्यांना प्रथम स्वतः आशीर्वादाचे अभिवादन करतो. नंतर ते त्याला उत्तर देतात (२:४). धन्याने आधी बोलावे आणि मजुरांनी नंतर, हा क्रम सहज वाचून सोडण्यासारखा नाही.

त्याहून महत्त्वाच्या आहेत त्याच्या आज्ञा. काळ शास्त्यांचा होता. प्रत्येक जण आपापल्या दृष्टीला बरे दिसेल ते करीत असे. परक्या शेतात तरुण स्त्रीला धोका होता, हे नामीच्या बोलण्यातूनही कळते (२:२२). आणि रूथ तर मवाबी, विधवा आणि सरवा वेचणारी. बवाज तिला आपल्या दासींच्या जवळ राहण्यास सांगतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. ‘तू जपून राहा’ असा उपदेश करून तो मोकळा होत नाही, तर आपल्या गड्यांना ताकीद देतो. मूळ इब्रीत येथे तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. नवव्या वचनातील ‘नागा’ म्हणजे स्पर्श करणे, पंधराव्यातील ‘कालम’ म्हणजे लाजवणे, मान खाली घालायला लावणे, आणि सोळाव्यातील ‘गाअर’ म्हणजे दरडावणे. हात, टोमणा आणि आवाज, या तिन्हींना त्या शेतात बंदी होती. आपल्या देशात कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घातली आणि २०१३ साली संसदेने कायदा केला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या ख्रिस्ती संस्थांनी ही समिती केवळ कागदावर ठेवली असेल, तर त्यांनी रूथचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा.

जेवणाच्या वेळी बवाज रूथला कापणीकऱ्यांच्या पंक्तीला बसवतो आणि हुरडा स्वतः तिच्या हाती देतो. ती तृप्त होते, शिवाय उरते.

पौलाच्या पत्रांत हाच विषय अधिक अवघड रूपात येतो, कारण तेथे मजूर नसून गुलाम आहेत. आजच्या नोकराला गुलामाच्या जागी बसवून ही वचने वापरणे हा त्यांचा दुरुपयोग होय, आणि तो पुष्कळदा झालेला आहे. तरी दोन शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला ‘ऑफ्थाल्मोदौलिया’, म्हणजे डोळ्यांसमोरची चाकरी. आपल्याकडे त्याला तोंडदेखली चाकरी म्हणतात. ही वचने सांगताना आपण बहुधा चाकराला दोष देतो. पण जेथे धन्याच्या डोळ्यांचाच धाक असतो तेथे डोळ्यांपुरतेच काम होते. दुसरा शब्द धन्यांसाठी आहे : ‘इसोतेस’. त्याचा साधा अर्थ समता. काही भाषांतरकार तो ‘रास्त वागणूक’ असा सौम्य करतात. संदर्भाने तसे करता येते, हे मी नाकारत नाही. पण मूळ शब्द त्याहून टोकदार आहे. इफिसकरांच्या पत्रात तर धन्याने धमकावणे सोडून द्यावे असे स्पष्टच म्हटले आहे (६:९).

वेतनाविषयी येथे थोडक्यात लिहितो, कारण शास्त्र येथे मुळीच संदिग्ध नाही : गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी (अनुवाद २४:१५). पगार दोन महिने थकवून कामगारांना विश्वासाने वाट पाहण्यास सांगणारा ख्रिस्ती मालक आपली अडचण त्यांच्या चुलीवर ठेवत असतो.

महाराष्ट्रात याचे एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या मंडळीतले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, जेथे ते शिकवीत, बढती डावलून दुसऱ्याला देण्यात आली होती. मनुष्याची किंमत कामावरून न ठरता अन्य गोष्टींवरून ठरली म्हणजे काय वाटते, हे त्यांनी सोसले होते. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन व दहा हजार रुपये कर्ज दिले. १९१० साली त्या निवडुंगाने भरलेल्या, सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. त्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसे ठेवली. शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. ज्यांना लोक निकामी समजत ते के. के. कुलकर्णीही तेथे उपयोगी पडले. लोखंडी नांगर खपता खपत नव्हते, हातात पैसा नव्हता, अशा काळातले हे वळण आहे. भरभराट झाल्यावर दाखवलेले औदार्य नव्हे. ज्यांच्या हाती ओनेसिमाची कथा आहे त्या आपण तुरुंगातून आलेल्या किती जणांच्या हाती किल्ल्या दिल्या?

हे लिहिताना मला स्वतःला वगळता येत नाही. भाषांतराचे कार्यालय हीदेखील कामाची जागाच. काही वर्षांपूर्वी एका नव्या भाषांतर प्रकल्पात मजकूर जुळवण्यासाठी एक तरुण ताई आमच्याकडे लागली होती. पहिल्याच आठवड्यात तिने सर्वांसमक्ष मला विचारले की, या वाक्याचा कर्ता कोणता? मी म्हणालो, “ताई, तुमचे काम टाइप करण्याचे आहे.” काहीजण हसले. वाक्याचा कर्ता खरोखरच सुटला होता, हे मला संध्याकाळी दिसले. मी ते गुपचूप दुरुस्त केले आणि विषय सोडून दिला. पुढे एका वंशावळीतील एक पूर्ण वचन गळले व शेवटच्या प्रुफापर्यंत तसेच गेले. ते तिच्या लक्षात आले होते काय, असे मी विचारले. ती म्हणाली, “हो सर, आले होते.”

‘कालम’ या क्रियापदावर मी तोपर्यंत दोन पाने टिपणे लिहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर मी सर्वांसमोर तिची क्षमा मागितली. अपमान सर्वांसमोर झाला होता, तेव्हा क्षमा खोलीचे दार लावून मागणे योग्य नव्हते. ती फक्त “बरं, सर” म्हणाली. त्यानंतरही ती गप्पच असे. माझ्या कच्च्या मजकुराच्या समासात तिची पहिली पेन्सिलखूण मला दिसली, ती त्यानंतर आठ महिन्यांनी.