रेम्ब्रांटचे ‘दानाए’ : प्रकाशाचा अर्थ

पौराणिक चित्रातील प्रकाश केवळ वस्तू दिसाव्यात म्हणून नसतो. कित्येकदा तोच कथेतील एक पात्र असतो. डच चित्रकार रेम्ब्रांट याचे ‘दानाए’ हे तैलचित्र याचा उत्तम नमुना होय.

मूळ कथा ग्रीक पुराणातील आहे. कन्येच्या पुत्राकडून आपला वध होईल, या भविष्यवाणीने भयभीत झालेला आर्गोसचा राजा अक्रिसिअस हा कन्या दानाए हिला बंदिवासात ठेवतो. आपल्या वाचकांना येथे कंस-देवकीची आठवण होईल. परंतु देवराज झ्यूस सुवर्णवृष्टीच्या रूपाने तिच्यापाशी येतो आणि पर्सिअसचा जन्म होतो.

इटालियन चित्रकार टिशियन याने ही वृष्टी सोन्याच्या नाण्यांनी दाखविली. रेम्ब्रांटने 1636 मध्ये हा विषय हाती घेतला, तेव्हा एकही नाणे रंगविले नाही. वृद्ध दासी पडदा दूर सारते आणि डावीकडून उबदार सोनेरी प्रकाश शय्येवर पसरतो. त्याचा उगम चौकटीबाहेर आहे. दानाएची दृष्टी तिकडेच लागली असून तिचा उजवा हात उंचावला आहे. देव दिसत नाही. त्याचे आगमन मात्र दिसते.

सुवर्णवृष्टीच नसल्याने ही स्त्री नक्की कोण, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. 1933 मध्ये एर्विन पॅनोफ्स्की या कला-इतिहासकाराने शय्येच्या वरच्या बाजूस असलेल्या, हात बांधलेल्या व रडणाऱ्या सोनेरी मदनमूर्तीकडे लक्ष वेधले. बद्ध मदन म्हणजे दानाएवर लादलेले ब्रह्मचर्य. या खुणेमुळे प्रकाशाचा अर्थ निश्चित झाला. प्रकाशाचे प्रतीक एकट्याने वाचता येत नाही. चित्रातील इतर वस्तूंची साक्ष काढावी लागते, हा यातील मुख्य धडा होय.

हे चित्र रशियातील हर्मिटाज संग्रहालयात आहे. 15 जून 1985 रोजी एका माथेफिरूने त्यावर चाकूचे वार करून आम्ल फेकले. जीर्णोद्धारास बारा वर्षे लागली. 1997 मध्ये ते पुन्हा प्रदर्शित झाले. तथापि नष्ट झालेले मूळ रंगलेपन परत मिळाले नाही. दैवी भासणारा तो प्रकाश अखेर रंगाच्या पातळ थरांतच वसलेला होता. म्हणूनच चित्राचा अर्थ जाणणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे जतन करणेही अगत्याचे आहे.