जुनं फर्निचर हप्त्यावर घेताय? आधी ‘मालक कोण’ ते लिहून घ्या



दुकान असो, क्लास असो की छोटं हॉटेल, सुरुवातीचा मोठा खर्च फर्निचरचा. सुताराचा अंदाज ऐकला की निम्मं भांडवल तिथेच गेल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी सांगतं, “अमक्याचं स्नॅक्स सेंटर बंद होतंय, सगळं द्यायचंय, पैसे हप्त्याने दिले तरी चालतील.” सौदा चांगला असू शकतो. पण असे व्यवहार बहुधा तोंडी होतात, आणि भांडणाचं बी तिथेच पडतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, काउंटर, ६ टेबलं आणि २४ खुर्च्या मिळून ६०,००० रुपये ठरले. माल उचलताना २०,००० दिले, बाकीचे ४०,००० दरमहा १०,००० प्रमाणे ४ हप्त्यांत. दोन हप्ते वेळेवर गेले. तिसऱ्या महिन्यात काउंटरच्या मागच्या प्लायला वाळवी दिसली. तुम्ही हप्ता थांबवला. विकणारा म्हणतो, “माल परत घेऊन जातो, दिलेले पैसे विसरा.” तुम्ही म्हणता, “माल न्या, पण माझे ४०,००० परत करा.” दोघांनाही वाटतं, आपलंच खरं. खरं तर दोघंही चुकतायत. कसं ते बघा.

१. पैसे बाकी, म्हणजे माल विकणाऱ्याचाच?

नाही! माल विक्री कायदा १९३० च्या कलम २० नुसार, ठरावीक वस्तू तयार स्थितीत असेल आणि सौदा विनाअट असेल, तर सौदा होताच मालकी घेणाऱ्याकडे जाते. पैसे नंतर द्यायचे ठरले तरी फरक पडत नाही. मालकी स्वतःकडे ठेवायची असेल तर तशी अट सौद्यातच हवी. म्हणजे वेगळं काही ठरलं नसेल, तर विकणारा हप्ता चुकला म्हणून तुमच्या दुकानातून टेबलं उचलून नेऊ शकत नाही. त्याचा हक्क बाकी पैसे मागण्याचा; त्यासाठी तो दिवाणी दावा करू शकतो.

पण खूश होऊ नका. कलम २६ सांगतं, मालकी जिकडे, जोखीम तिकडे. उद्या पावसाचं पाणी शिरून फर्निचर फुगलं, तरी राहिलेले हप्ते तुम्हाला द्यावेच लागतील.

२. माल खराब निघाला, म्हणजे हप्ता बंद?

इथे घेणारे फसतात. कायदा साधारणपणे म्हणतो, घेणाऱ्याने बघून घ्यावं. फर्निचरचा धंदा नसलेल्या माणसाकडून जुनी वस्तू घेतली, तर तिच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. वाळवी माहीत असून त्याने मुद्दाम लपवली असेल तर ती फसवणूक, पण ते सिद्ध तुम्हाला करावं लागतं. ग्राहक आयोगाचा रस्ताही सहसा बंद असतो, कारण समोरचा व्यापारी नाही.

पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर आणखी जपा. चेक परत गेल्यावर ३० दिवसांत नोटीस येऊ शकते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. बँकेत ‘स्टॉप पेमेंट’ सांगितलं म्हणजे सुटलो, असं नसतं. म्हणून दोष दिसला की हप्ता गुपचूप थांबवू नका. त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा आणि किंमत कमी करण्याबद्दल बोला.

३. “हप्ता चुकला, सगळे पैसे जप्त”

अशी अट लिहिलेली असली तरी ती जशीच्या तशी चालेलच असं नाही. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. ६०,००० च्या मालावर ४०,००० घेऊन मालही परत न्यायचा, हे वाजवी ठरवणं विकणाऱ्याला अवघड जाईल.

मग कागदावर काय हवं?

एक पान पुरे. त्यात हे मुद्दे घ्या:

- यादी: प्रत्येक वस्तू, नग, लाकूड की प्लाय, आणि दिसणारे दोष. सोबत फोटो.
- मालकी: “ताबा दिल्याच्या दिवशी मालकी घेणाऱ्याची” किंवा “शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मालकी विकणाऱ्याची”. दोनपैकी एकच वाक्य.
- जोखीम: हप्ते चालू असताना आग, पाणी, मोडतोड झाली तर नुकसान कुणाचं.
- हप्ते: रक्कम, तारीख, आणि उशीर झाल्यास किती दिवसांची सवलत.
- दोष: ताबा घेतल्यापासून १५ दिवसांत वाळवी किंवा आतून कुजलेलं लाकूड निघालं तर किती रक्कम वजा होईल.
- माल परत गेल्यास: वापराबद्दल दरमहा किती कापायचे आणि किती परत द्यायचे.
- हक्काची खात्री: “हा माल माझा आहे, त्यावर कर्ज नाही” असं विकणाऱ्याने लिहून द्यावं. ज्याचं स्वतःचं नाही ते तो तुम्हाला विकू शकत नाही. गाळा भाड्याचा असेल तर काउंटर गाळामालकाचा तर नाही ना, हे मालकालाच विचारा.

दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, प्रत्येकाकडे एक प्रत. हप्ता शक्यतो यूपीआयने द्या आणि शेऱ्यात “काउंटर-टेबल हप्ता २/४” असं लिहा. रोख दिलेत तर पावती घ्या. ५,००० च्या वरच्या पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं.

माल उचलण्याआधी ओळखीच्या सुताराला सोबत न्या. टेबल उलटं करून पाय बघा, काउंटरची मागची बाजू ठोकून बघा. पोकळ आवाज किंवा भुसा दिसला की भाव तिथेच बोला. टेम्पोत माल चढल्यावर नाही.

विकणारा ओळखीचा असेल तर कागद मागायला संकोच वाटतो. तेव्हा सरळ म्हणा, “दादा, उद्या आपल्यात वाकडं यायला नको म्हणून लिहून ठेवू.” चांगला माणूस नाही म्हणत नाही. आणि जो चिडतो, त्याच्याशी चार महिने हप्त्याचा व्यवहार करायचा का, ते तुम्हीच ठरवा.

आजचा गृहपाठ: तुमचा एखादा व्यवहार आत्ता हप्त्यावर चालू असेल, तर ‘शेवटचा हप्ता जाईपर्यंत मालक कोण?’ याचं उत्तर समोरच्याला आजच मेसेज करून लिहून मागा. उत्तर एकच आलं तर उत्तम. दोघांची उत्तरं वेगळी निघाली, तर भांडण होण्याआधीच ते कळलं, हा फायदाच समजा.