उतारवयातील कंटाळा व त्यावर देवाचा उपाय

शास्त्रपाठ : १ राजे १९:१–१८. आणखी वाचावे : यहोशवा १४:६–१३, लूक २:३६–३८, २ तीमथ्य १:५.

दसरा-दिवाळी उरकली म्हणजे आमच्या पाथर्डी तालुक्यातील पुष्कळ वाड्यावस्त्या एकाएकी ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली तरुण जोडपी कोयते, भांडीकुंडी व अंथरुणे गाड्यांत चढवून साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. कोणी आपल्याच जिल्ह्यात, कोणी सांगली-कोल्हापुराकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. गळीत हंगाम आटोपल्यावर, बहुधा फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, ती माघारी येतात. मधल्या महिन्यांत गावात उरतात ती म्हातारी माणसे, काही लेकरे व शेरडे. अशा दिवसांत वस्तीवर फेरी घालणाऱ्या उपदेशकास घरोघर एकच वाक्य ऐकू येते : "पाळकसाहेब, दिवस जात नाही."

हे वाक्य आपण फार हलके मानितो. घरात दाणे आहेत, अंगात मोठासा रोग नाही, तरी सकाळी उठावेसे वाटत नाही. जेवणात गोडी नाही, उपासनेत मन नाही, कोणी आले तरी बोलावेसे वाटत नाही. ज्यांची मुले पुण्या-मुंबईस नोकरीस आहेत त्या निवृत्त शिक्षकांचीही पुष्कळदा हीच दशा असते. काही बंधू म्हणतात की हा विश्वासाचा उणेपणा होय. असे बोलण्यापूर्वी आपण एलीयाकडे पाहावे.

एलीया म्हातारा झाला होता असे शास्त्र सांगत नाही. परंतु आपले काम संपले, आपण एकटेच उरलो, आता जगून काय करावयाचे, असे त्यास वाटू लागले होते. आणि उतारवयाच्या कंटाळ्याचे मूळ हेच आहे. ज्याने कर्मेल डोंगरावर एवढे मोठे कार्य केले तोच थोड्याच दिवसांत रानात रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागू लागला. तेव्हा ही दशा अविश्वासी मनुष्यासच येते असे म्हणता येत नाही. देवाने त्यास कसे उठविले ते क्रमाने पाहू.

१. पहिल्याने देवाने त्याच्या शरीराची काळजी घेतली.

दूताने उपदेश केला नाही. त्याने एलीयास झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुनः झोपू दिले व पुनः खाऊ घातले. उपदेशकांनी हा क्रम विसरू नये. रक्त कमी होणे, मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, मधुमेह, थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, किंवा घेत असलेल्या एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी कोणत्याही कारणाने मनुष्य निरुत्साही दिसू लागतो. ज्यास ऐकू येत नाही तो सभेत येऊन काय करणार? म्हणून प्रथम आरोग्य केंद्रात नेऊन तपासून घ्यावे.

शिवाय मनाचाही आजार असतो. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवसभर उदासपणा राहिला, झोप व भूक मोडली, कशातच रस उरला नाही, तर तो म्हातारपणाचा स्वाभाविक भाग नव्हे. तो आजार असू शकतो, व त्यावर उपचार आहे. एलीयाप्रमाणे कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर त्यास त्या दिवशी एकटे ठेवू नये, विषारी औषधे घरातून दूर करावी व लागलेच डॉक्टरांकडे न्यावे. औषध घेणे म्हणजे प्रार्थना सोडणे नव्हे. भाकर देणारा तो दूत देवानेच पाठविला होता.

२. मग देवाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

होरेब डोंगरावर देवाने एलीयास विचारले की तू येथे काय करीत आहेस. एलीयाने आपले गाऱ्हाणे सांगितले. वारा, भूकंप व अग्नी होऊन गेले, मंद वाणी आली, आणि देवाने तोच प्रश्न पुनः केला. तेव्हा एलीयाने तेच गाऱ्हाणे पुनः सांगितले. दहावे व चौदावे वचन ताडून पाहा. देवाने, हे तू मघाच सांगितलेस, असे म्हटले नाही.

आपल्या घरातील म्हातारी माणसे एकच गोष्ट वारंवार सांगतात व आपण उठून जातो. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी कशी फोडली, सुकडी कशी वाटली जाई, हे आपण दहा वेळा ऐकिले असेल. तथापि सांगणाऱ्यास त्या गोष्टीने एवढेच कळवावयाचे असते की मीही एके काळी उपयोगी होतो. ती अकराव्या वेळी ऐकणे ही सेवा आहे. मात्र देव तेथेच थांबला नाही, हे ध्यानात ठेवावे.

३. शेवटी देवाने त्यास काम दिले.

देवाने एलीयाची समजूत घालून त्यास गुहेत बसू दिले नाही. त्यास माघारी वाट धरावयास लावून तीन कामे सांगितली, व प्रत्येक कामास एका मनुष्याचे नाव होते : हजाएल, येहू व अलीशा. मग सात हजार विश्वासू लोक अजून आहेत असे सांगून त्याचे एकटेपण दूर केले. पाठाचे मर्म येथे आहे. करमणुकीने कंटाळा घटकाभर दबतो व विश्रांतीने थकवा जातो. परंतु आपली कोणास गरज उरली नाही ही जी व्यथा, ती मात्र कोणी आपली वाट पाहत आहे असे कळल्यावाचून जात नाही.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. या तालुक्यातील एका मंडळीत देवळासमोरच्या लिंबास रुळाचा तुकडा टांगलेला आहे; तीच आमची घंटा. एक वृद्ध बंधू वीस वर्षांहून अधिक काळ ती वाजवीत असत. त्यांचे गुडघे दुखतात हे पाहून मी एके दिवशी म्हणालो, "बाबा, आता तुम्ही आराम करा, पोरे वाजवितील." माझ्या दयाळूपणाची सर्वांनी वाखाणणी केली. थोड्याच आठवड्यांत बाबा उपासनेस येईनासे झाले. ओट्यावर भिंतीस टेकून बसत, अर्धी भाकर तशीच ठेवीत. मी तीन वेळा गेलो, शास्त्र वाचले, प्रार्थना केली. ते "बरं" म्हणत व गप्प राहत. त्यांचे काय हरवले हे मला कळले नाही, कारण ते मीच काढून घेतले होते.

दिवाळीनंतर घंटा वाजविणारा तरुण ऊसतोडीस गेला. त्या रविवारी घंटा झाली नाही व निम्मे लोक उशिरा आले. दुसऱ्या दिवशी मी बाबांकडे गेलो तो सांत्वन करावयास नव्हे, तर अडचण सांगावयास. म्हणालो, "बाबा, घंटेवाचून मंडळी जमत नाही. मला तुमची गरज आहे." त्यांनी एवढेच विचारले, "हातोडी कोठे ठेविली आहे?" पुढच्या रविवारी त्यांनी वेळेच्या आधीच ठोके दिले. त्यांचे गुडघे आजही दुखतात. परंतु सकाळी उठण्यास त्यांना कारण मिळाले.

यावरून मी शिकलो की वृद्धांच्या भेटीस जाताना त्यांना काय द्यावे एवढाच विचार करू नये. त्यांजपाशी काय मागावे याचाही करावा.

आपल्याच जिल्ह्याशी निगडित असे एक उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचे बराच काळ वास्तव्य अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, व राहुरीस होते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नाही. अक्षरओळख लग्नानंतर झाली. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले, तेव्हा बाई पन्नाशीस आल्या होत्या. हातपाय गाळून बसण्याजोगाच तो प्रसंग होता. परंतु टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते बाईंनी हाती घेतले व त्याचे बहुतेक अध्याय रचिले. १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने निघू लागली, तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते. १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या. आपल्यापैकी प्रत्येकजण पुस्तक लिहील असे नाही. परंतु दुसऱ्याचे अपुरे राहिलेले चांगले काम पुढे नेणे हे कोणासही शक्य आहे, व अशी कामे प्रत्येक गावात पडलेली आहेत.

मग आपल्या मंडळ्यांत कोणते काम द्यावे? रोज संध्याकाळी वस्तीतील मुलांकडून एक वचन म्हणवून घेणे. ज्या आजीस जुनी भजने पाठ आहेत तिच्याकडून ती दोन मुलींस शिकविणे. रविवारी उपासनेनंतर कारखान्यावरील तळांवर गेलेल्या कुटुंबांस मोबाईलवर बोलणे व मंडळीची खबर कळविणे; आकडे वाचता येत नसतील तर नातू ते लावून देईल. देवळाच्या आवारातील रोपांस पाणी घालणे. आजारी व परगावी गेलेल्यांच्या नावांची यादी घेऊन नाव उच्चारून प्रार्थना करणे. जो अंथरुणास खिळला आहे त्यालाही हे शेवटले काम करिता येते. लूक सांगतो ती हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती, व रात्रंदिवस प्रार्थना हीच तिची सेवा होती. कालेब तर पंच्याऐंशी वर्षांचा असता त्याने डोंगराळ मुलूख मागून घेतला. लोईस आजीचा विश्वास तीमथ्याच्या आईत व मग तीमथ्यात उतरला, याची पौलाने आठवण केली आहे.

येथे एक सावधगिरी सांगतो. मुले ऊसतोडीस गेली म्हणजे कित्येक आज्यांवर नातवंडे, शेरडे, पाणी व चूल यांचा सर्व भार पडतो. त्यांस कंटाळा करावयासही सवड नसते. त्या दमलेल्या असतात. अशा भगिनीस नवे काम सांगणे हा निर्दयपणा होय. तिचा घागरभर तरी भार मंडळीने उचलावा व तिला तासभर निवांत बसू द्यावे. दमलेल्यास भाकर व झोप, आणि रिकामा बसलेल्यास काम, हा भेद ओळखणे हेच उपदेशकाचे शहाणपण.

वडील बंधुभगिनींनो, आता आपणांस दोन शब्द. रात्री निजण्यापूर्वी उद्याचे एक काम ठरवून निजावे. ते लहान असले तरी चालेल, पण त्यात दुसऱ्या कोणाचे नाव असावे. उत्साह आल्यावर उठू असे म्हणू नये; एलीयास उत्साह आल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही, तो उठून निघाला एवढेच लिहिले आहे. काही दिवस जडच जातील. त्या दिवशीही ते लहान काम करावे.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. देवाने सांगितलेल्या तीन कामांपैकी एलीयाने स्वतः केलेले एकच आपल्याला वाचावयास मिळते : त्याने अलीशास आपल्यामागे घेतले. हजाएल व येहू यांच्याविषयीची कामे पुढे अलीशाच्या वेळी झाली (२ राजे ८ व ९). म्हणजे एक अलीशा तयार केल्याने बाकीचेही पार पडले. आमचे घंटेवाले बाबा हल्ली आपल्या दहा वर्षांच्या नातीस सोबत नेतात. पहिले ठोके ते देतात, शेवटले तीन ती देते.

विचारासाठी प्रश्न :

१. देवाने एलीयास उपदेशाच्या आधी भाकर व झोप का दिली?

२. आपल्या घरातील वृद्ध माणसाची कोणती गोष्ट आपण शेवटपर्यंत ऐकून घेत नाही?

३. दयेच्या नावाखाली आपण कोणाचे काम काढून घेतले आहे काय? ते परत कसे देता येईल?

४. आपल्या वस्तीत दमलेले कोण व रिकामे बसलेले कोण? या आठवड्यात प्रत्येकाकडे एकदा जाऊन यावे.

५. वडीलजनांनी स्वतःस विचारावे : माझा अलीशा कोण?