आज्ञार्थी प्रशिक्षक, प्रश्नार्थी प्रशिक्षक

व्याकरणात आपण वाक्यांचे प्रकार शिकतो. 'पुढे जा' हे आज्ञार्थी, 'पुढे कधी जायचं?' हे प्रश्नार्थी. परीक्षेत एवढं ओळखलं की मार्क मिळतात. पण मैदानाच्या कडेला उभं राहून कोचची भाषा ऐका. खेळाडू स्वतःच्या डोक्याने खेळायला शिकणार की नाही, हे बरंचसं या दोन प्रकारांवर ठरतं.

कबड्डीचं उदाहरण घेऊ. एका चढाईला 30 सेकंद मिळतात. तेवढ्यात निदान रेषा ओलांडायची, समोर सहा-सात जण असतील तर बोनसचा विचार करायचा, कोपरारक्षक घोट्यावर टपलाय का ते बघायचं आणि सुखरूप परत यायचं. हे सगळं चढाईपटू एकटाच ठरवतो. सरावात निर्णय घ्यायची सवय लागली नसेल, तर सामन्यात तो कोचच्या तोंडाकडे बघतो आणि तेवढ्यात पकड होते.

मग सरावात काय करावं? 'किती वेळा सांगितलं, डावीकडे जाऊ नको!' याऐवजी विचारावं: 'तू आत गेलास तेव्हा उजवा कोपरा कुठे होता? त्याचा भार कुठल्या पायावर होता? पुन्हा अशी वेळ आली तर काय करशील?' पहिला प्रश्न बघायला शिकवतो, दुसरा समोरच्याला वाचायला, तिसरा ठरवायला. उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ द्यायला हवा.

इथे एक मेख आहे. 'डोकं कुठे होतं तुझं?' हेसुद्धा व्याकरणाने प्रश्नार्थी वाक्यच. पण त्याला उत्तर नको असतं, फक्त खाली गेलेली मान हवी असते. खरा प्रश्न तोच, ज्याचं उत्तर ऐकायची तयारी असते.

याचा प्रेरणेशी काय संबंध? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर टिकते: निर्णय आपला असणं, जमतंय असं वाटणं आणि आपलेपणा. डेसींनी 1971 मध्ये कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना मध्येच पैसे दिले, त्यांचा रस पैसे बंद झाल्यावर कमी झाला. बक्षीस मोठं झालं की खेळ लहान होतो, तो असा.

पण मग रमाकांत आचरेकर सरांचं नाणं? शिवाजी पार्कवर ते स्टंपवर एक रुपया ठेवत. सचिनला बाद करणाऱ्या गोलंदाजाला तो मिळे. सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याला. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली. मला वाटतं, इथे रुपयाची किंमत महत्त्वाची नव्हतीच. टिकायचं कसं, हे सचिनचं सचिनने शोधायचं होतं, आणि नाणं फक्त सांगत होतं, 'जमलं तुला.' सरांनी 'छान खेळलास' असं कधी म्हटलं नाही, हे सचिनने निवृत्तीच्या भाषणातही सांगितलं.

अर्थात सगळंच विचारत बसायचं नसतं. नवख्याला पकड आधी करून दाखवावी लागते. मान आणि गुडघा कसा सांभाळायचा, हे तर सरळ आज्ञार्थातच सांगावं. दुखापत होऊन शिकण्यात काही अर्थ नाही.

आपल्यापैकी काहीजण शाळेतल्या मुलांचा सराव घेतात. त्यांच्यासाठी एक अभ्यास: पुढच्या सरावात मित्राला वही घेऊन बसवा. तुमची आज्ञार्थी वाक्यं किती, प्रश्नार्थी किती आणि त्यांतल्या किती प्रश्नांना मुलांनी खरंच उत्तर दिलं, हे त्याला मोजू द्या. कॉलेज संपलं की कोचची शिट्टी थांबते, आणि कितीतरी जणांचा खेळही तिथेच सुटतो. पहाटे उठून मैदानावर जायचं की नाही, हे त्यानंतर ज्याचं त्यालाच ठरवायचं असतं.